आरामाचा रकाना

मेघना सरवदेला एक खोड होती. आकड्यांत काही वाकडं दिसलं की तिच्या पोटात राहायचं नाही. शाळेत फळ्यावरची चूक दाखवून तिनं दोनदा मास्तरांच्या छड्या खाल्ल्या, तरी खोड जाईना. पुण्याला राहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं, इंदापूरच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पदवी चौकटीत बसवून लावली, बारामतीच्या ग्रामीण अभ्यास केंद्रात नोकरीला लागली, तरी तेच. आणि त्या खोडीपायीच शहाण्णव सालच्या डिसेंबरात एका बाईच्या पोटावर पाय यायची वेळ आली.

केंद्रात संगणक एकच. त्याचा थाट मात्र पहिल्या दिवाळीला आलेल्या जावयाचा. अख्ख्या इमारतीत पंखे धड फिरायचे नाहीत, पण त्याच्या खोलीला एसी होता. चपला बाहेर काढून आत जायचं. दसऱ्याला कुणीतरी मॉनिटरला गंध लावलेलं, ते अजून तसंच होतं. त्यात सांख्यिकीचं एक सॉफ्टवेअर घातलेलं होतं आणि ते चालवता येणारी माणसं बारामतीत किती असतील ती असोत, केंद्रात एकटी मेघना होती.

काम होतं बाईच्या दिवसाचं. ऐंशी बायकांना विचारून फॉर्म भरले होते. चाळीस इंदापूर तालुक्यातल्या भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या, चाळीस सुप्याकडच्या कोरडवाहू वस्त्यांवरच्या. प्रत्येक फॉर्मवर नऊ रकाने. झोप, स्वयंपाक, पाणी, धुणीभांडी, जनावरं, शेत, मुलंबाळं, बाजारहाट आणि शेवटी आराम. कशाला किती तास जातात ते लिहायचं. पुढच्या वर्षी सगळ्या जिल्ह्यात हीच पाहणी करायची होती, आणि पुण्याहून निरोप आला होता की फॉर्म लांब आहे, नवातले चार प्रश्न गाळा.

आता कुठले चार गाळायचे? त्यालाही एक रीत आहे. एकेक रकाना पाळीपाळीनं बाजूला काढायचा आणि उरलेल्या आठांवरून त्याचा अंदाज कितपत बांधता येतो ते संगणकाला विचारायचं. तो एक आकडा देतो, शून्य ते एकमधला. त्याला बहुसहसंबंधाचा वर्ग म्हणतात. नाव ऐकून माणूस दचकतो, पण गोष्ट साधी आहे. आकडा मोठा आला तर तो प्रश्न गाळला तरी चालतो, बाकीच्या आठांत त्याचं उत्तर आलेलंच असतं. लहान आला तर तो विचारायलाच हवा, दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही.

भवानीनगरचे आकडे आले ते कसे यावेत तसेच आले. कुठं पॉइंट चार, कुठं पॉइंट पाच. मग तिनं सुप्याचे चाळीस फॉर्म लावले. प्रिंटर करकरला, कागद बाहेर आला, आणि मेघना खुर्चीतून उठूनच उभी राहिली. नऊ ओळी, आणि नवांच्या पुढं एकच आकडा. एक. एक पॉइंट शून्य शून्य शून्य.

हाडामांसाच्या बायकांचे आकडे असे कधी येत नाहीत. तिनं फॉर्मांचा गठ्ठा ओढला आणि बेरजा करायला लागली. पहिला फॉर्म, चोवीस. दुसरा, चोवीस. दहावा, तिसावा, चाळिसावा, चोवीस, चोवीस, चोवीस. भवानीनगरच्या फॉर्मांत एकीचा दिवस एकवीस तासांचा होता, दुसरीचा सत्तावीस. माणूस आठवून सांगतो तेव्हा असंच होतं, भाकरी करता करता पोराला पाजलं तर तोच तास दोनदा मोजला जातो. इथं चाळीसच्या चाळीस बायकांचा हिशेब काट्यावर तोलल्यासारखा.

तिनं विचार म्हणून केला नाही. कागद उचलला, चपला पायात सरकवल्या न सरकवल्या आणि थेट संचालकांच्या खोलीत.

"सर, हे बघा! सुप्याचे आकडे बनवलेले आहेत!"

तोंडातून शब्द गेला आणि मग तिच्या लक्षात आलं की सुप्याचे फॉर्म भरले होते ठमाबाईंनी.

संचालक खलाटे सर वाईट माणूस नव्हते. पण पुण्याची माणसं सोमवारी अहवाल बघायला येणार होती आणि आज बुधवार होता. त्यांनी कागद पाहिला, दोन-तीन बेरजा स्वतः करून पाहिल्या आणि चष्मा काढला.

"बाई सुप्याला गेलेलीच नाही. घरी चुलीपाशी बसून भरलेत फॉर्म," ते म्हणाले. "आणि मी हिची कायमची ऑर्डर टाइप करून ठेवलीय. बघा."

ऑर्डर खरंच टेबलावर होती, पेपरवेटखाली. सहा वर्षं ठमाबाई अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर काढत होत्या. दर वर्षी एक महिना घरी, मग पुन्हा अर्ज, पुन्हा सही. यंदा सरांनी त्यांना कायम करायचं ठरवलं होतं.

"सरवदे मॅडम, एक टिपणी लिहा. संगणकावर तपासता फॉर्म बनावट आढळले, सबब रद्द करावेत. खाली सही करा तुमची. पुढचं मी बघतो."

मेघनानं कागद परत हातात घेतला. "सर, एकदा तपासून बघू का? मी त्यांना विचारते."

"काय विचारणार? तुमच्याच कागदावर नऊ वेळा लिहिलंय की."

"तरी पण, सर."

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. "शनिवारी दुपारपर्यंत. त्यानंतर टिपणी मला टेबलावर पाहिजे."

ठमाबाई व्हरांड्यात बसल्या होत्या, पायरीवर नाही, बाकावरही नाही, खांबाला टेकून खाली फरशीवर, आणि पिशवीतल्या उरलेल्या कोऱ्या फॉर्मांना सुतळी बांधत होत्या. बावन्न-त्रेपन्नची बाई, माळेगावची. नवरा कारखान्यात फिटर, घरात आठ माणसं, शिक्षण सातवी पास. मेघना केंद्रात नवी होती तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यांनी डबे उघडले, आणि एकदोघांनी जरा सरकून बसल्यासारखं केलं. ठमाबाईंनी सरळ तिच्या डब्यात हात घालून वांग्याची फोड उचलली होती आणि म्हणाल्या होत्या, "तिखट हाय, पर झाक हाय. आयला सांग." तेव्हापासून त्या मेघनाच्या मावशी झाल्या. आणि आज हिनं जाऊन काय करून ठेवलं!

"मावशी," मेघना शेजारी बसली, "सुप्याच्या वस्त्यांवर तुम्ही गेला होता ना?"

ठमाबाईंचा हात सुतळीवरच थांबला. "म्हंजी? म्या गेली न्हाय व्हय?" त्यांनी पायातली चप्पल काढून मेघनाच्या पुढं उलटी धरली. टाच झिजून पार आरपार झालेली. "हिला इचार. मयुरेश्वराच्या रानाकडनं चालत गेली सा दिवस. हरणं बगितली म्या, हरणं! घरी बसल्यावर हरणं दिसत्यात?"

"मग प्रत्येक फॉर्मची बेरीज चोवीसच कशी आली?"

"मग किती याया पायजे?" ठमाबाई चकित झाल्या. "दिसाचं तास चोवीसच असत्यात की. सरांनीच सांगितलं. शिबिरात कागद दिला न्हाय का?"

त्यांनी पिशवीत हात घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला. सर्वेक्षकांसाठी सूचना. सात नंबरची सूचना खाली पेनानं रेघ मारून ठळक केलेली: एकूण तास चोवीस होतील याची खात्री करावी. सरांचीच सही खाली. मेघनाला हसावं की रडावं कळेना. भवानीनगरचे फॉर्म भरणाऱ्या अंजलीनं ती सूचना वाचलीसुद्धा नसणार, म्हणून ती खरी ठरली. हिनं अक्षर न् अक्षर पाळलं, म्हणून ही चोर ठरली.

"पण मावशी, बायका काही अशा मोजून सांगत नाहीत."

"न्हायच सांगत. आट रकानं त्येंनी सांगितलं तसं लिवलं. मग बेरीज केली, चोवीसातनं वजा केली, आन् राह्यली ती बाकी आरामात टाकली."

"आणि बेरीज चोवीसाच्या वर गेली तर?"

"दोगींची गेली," ठमाबाईंनी मान खाली घातली. "त्येंची झोप कापली."

मेघनानं कपाळावर हात मारला. "अहो मावशी! आरामाचा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत?"

"इचारला की गं! एकूनएक बाईला इचारला. न्हाय म्हनाल्या. चाळीसच्या चाळीस. आराम न्हाय म्हंत्यात सगळ्या. मग म्या म्हनलं, शून्य लिवावं तर बेरीज बसंना. आन् शून्य बरं दिसतंय का?"

आणि पिशवीतून त्यांनी आणखी एक वही काढली, शाळेतल्या पोराची, उलट्या बाजूनं सुरू केलेली. तिच्यात बायकांनी सांगितलेलं जसंच्या तसं होतं. चाळीस नावं. प्रत्येकीच्या शेवटी न्हाय, न्हाय, न्हाय. ज्या दोघींची झोप कापली त्यांची खरी झोपही तिथं होती.

मेघनाला एकदम हलकं वाटलं. सुटलो म्हणाली मनात. खरे आकडे आहेत की! तिनं वही घेतली, चपला बाहेर फेकल्या आणि संगणकापुढं बसून चाळीस फॉर्म दुरुस्त केले. आरामाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यं भरली. मग पुन्हा तोच हुकूम दिला.

आठ रकान्यांपुढं छान आकडे आले. पॉइंट तीन, पॉइंट पाच, अगदी माणसासारखे. आरामापुढं मात्र आकडाच नाही. वर इंग्रजीत एक ओळ आली होती, तिचा अर्थ एवढाच की या रकान्यात काही फरकच नाही, म्हणून तो हिशेबातून काढून टाकला आहे.

काढून टाकला! मेघना त्या ओळीकडं बघतच राहिली. तसं संगणकाचं बरोबर होतं, तिला ते माहीतही होतं. सगळ्यांचं उत्तर एकच असेल तर कशाचा संबंध कशाशी लावणार? पण तिला राग आला. खोटं लिहिलं तेव्हा यानं मुकाट्यानं नऊ वेळा एक छापलं, आणि बायका म्हणाल्या ते लिहिलं तर रकानाच उडवला.

सरांनी तो कागद बघितला आणि मान हलवली. "चाळीस बायका, आणि एकीलाही दिवसातून पाच मिनिटं आराम नाही? कोण विश्वास ठेवील? आधी वजाबाकी, आता शून्य. मॅडम, बाईनं हा प्रश्न विचारलेलाच नाही. वही कालसुद्धा भरता येते."

खरं सांगायचं तर मेघनाच्याही मनात पाल चुकचुकली होती.

गुरुवारी सकाळी दोघी सुप्याच्या एसटीत बसल्या. मोरगाव मागं पडल्यावर ठमाबाई म्हणाल्या, "तुला बी खरं वाटत न्हाय व्हय गं, बाय?" मेघनानं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ज्वारीची पातळ रानं होती.

पहिलं घर कौसल्याचं. पंचविशीची असेल. दारात शेळी, कडेला पोरगं, हात शेणात. सासू लक्ष्मीबाई ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. मेघनानं फॉर्म काढला आणि छापला होता तसाच प्रश्न वाचला, "तुम्ही दिवसातून किती वेळ आराम करता?"

कौसल्या घाबरली. "आराम? मला काय झालंय?"

"तसं नाही. आराम आहे का, एवढंच विचारते."

आता ओसरीवरून सासू बोलली. "हाय की आराम! त्येला काय झालं? दोन सालामागं टायफाड झाला हुता, सुईच्या दवाखान्यात नेली, तवापास्नं चांगला आराम हाय. कुनी सांगितलं गं तुमाला, आमची सून आजारी हाय म्हनून?"

ठमाबाईंनी मेघनाकडं पाहिलं. मेघनाला डोळ्यांपुढं इंदापूरचं घर दिसत होतं. आई ताप उतरला की म्हणायची, आता आराम पडला. शेजारी विचारायचे, दादाला आराम हाय का? जन्मभर हाच शब्द असाच ऐकला होता. आराम आजाऱ्याला पडतो. धडधाकट बाईला कोण विचारतंय, आराम किती करतेस म्हणून? ती नाहीच म्हणणार, आणि वर सासूच्या कानावर जायला नको म्हणून दोनदा नाही म्हणणार.

आणि हा शब्द फॉर्मवर घातला होता कुणी? पुण्याहून इंग्रजी फॉर्म आला होता, त्याचं मराठी केलं होतं मेघनानं. एका दुपारी, एसीत बसून, दहा मिनिटांत. भवानीनगरच्या वसाहतीतल्या बायकांना तो शब्द कळला, कारण त्यांचे नवरे कामावर गेले की त्या दुपारी आरामच करत होत्या. इथं तो शब्द दवाखान्यातून येत होता. ठमाबाईंची वही अक्षरशः खरी होती. चूक मेघनाची होती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं हे?"

"कळलं हुतं की."

"मग बदलून का नाही विचारलंत?"

"आता गं! छापलेला शब्द आमी कसा बदलायचा? तुमी शिकलेल्या मानसांनी लिवलेला. सूचना पाच, प्रश्न आहे तसाच वाचावा."

मेघनाला शरमेनं मान वर करवेना. मग ती म्हणाली, "मावशी, आता तुमच्या शब्दांत विचारा."

ठमाबाई उठल्या. "चल गं कौसल्या, तुजी म्हस दाव मला," म्हणून तिला गोठ्याकडं घेऊन गेल्या, सासूच्या नजरेआड. मेघना मागं. तिथं ठमाबाईंनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "व्हय गं, दिसातनं बूड कवा टेकतीस?"

कौसल्या खुदकन हसली. ओसरीकडं बघून तिनं आवाज खाली आणला. "धार काढून झाली की हितंच. ह्या दगडावर. म्हस रेडकाला चाटत असती. आत वाटतंय धार काढतीया, म्हनून हाक मारत न्हाईत."

"किती येळ?"

"चौफुल्याकडनं यष्टी येती बगा, तिचा हारन वाजूस्तवर."

मेघनानं घड्याळ काढलं, धारेची वेळ विचारली, एसटीची वेळ विचारली. वीस मिनिटं. तिनं ती दशांशात करून लिहिली आणि त्या दगडाकडं एकदा बघून घेतलं. गुळगुळीत झाला होता.

दोन दिवस दोघी हिंडल्या. चाळीस बायकांपैकी अडतीस भेटल्या, दोघी माहेरी गेल्या होत्या. प्रश्न एकच, ठमाबाईंचा. कुणी जळणाला गेल्यावर मोळी बांधून झाली की तिच्यावरच बसायची. कुणी विहिरीवर, मागली बाई आली नाही तोवर. कुणी नवऱ्याशी भांडण झालं की घराच्या मागं जाऊन तासभर फुगून बसायची, आणि म्हणाली, "म्हनून तर भांडती." एक म्हातारी म्हणाली, आता लेकी-सुना नुसतं टेकूनच बसवतात, नको वाटतं. आणि चौघी खरोखर म्हणाल्या, न्हाय बाय, टेकतच न्हाय. त्यांची शून्यं ठमाबाईंनी न लाजता लिहिली. शुक्रवारी परतीच्या एसटीत त्यांचा डोळा लागला तो बारामतीचं स्टँड येईपर्यंत, आणि मेघनानं आपला खांदा हलवला नाही.

शनिवारी सकाळी अडतीस आकडे संगणकात गेले. प्रिंटर करकरला. झोप पॉइंट चव्वेचाळीस. पाणी पॉइंट बावन्न. शेत पॉइंट एकसष्ट. आणि शेवटच्या ओळीत, जिथं आधी एक होतं आणि मग काहीच नव्हतं, तिथं आलं पॉइंट शून्य आठ.

मेघनानं तो आकडा तीनदा वाचला. बाईचं बाकी सगळं समजलं, ती किती राबते, किती झोपते, किती पाणी ओढते, तरी ती कधी आणि किती टेकते हे शंभरातलं आठच कळणार. नवांतला सगळ्यांत लहान आकडा तोच होता.

सरांच्या खोलीत ती गेली ती दोन कागद घेऊन. आधी आकड्यांचा कागद ठेवला. "सर, पुण्याला कळवा, हा प्रश्न गाळता येणार नाही. बाकीच्या आठांवरून हा ओळखू येत नाही. विचारावाच लागेल, आणि नीट शब्दांत."

मग तिनं टिपणी ठेवली. सरांनी चष्मा लावून वाचली. तिच्यात लिहिलं होतं की सुप्याच्या फॉर्मांतला दोष सर्वेक्षकाचा नसून प्रश्नावलीच्या भाषांतराचा आहे, आराम हा शब्द त्या भागात आजारातून बरं होणं या अर्थानं वापरतात, भाषांतर करणाऱ्यानं याची चौकशी केली नव्हती. आणि बेरीज चोवीस करण्याबद्दलची सूचना सात चुकीची असून सर्वेक्षकानं ती प्रामाणिकपणे पाळली. खाली सही. मेघना सरवदे, भाषांतरकार.

"सूचना सात माझी आहे," सर म्हणाले.

"हो, सर."

"आणि तुमची ऑर्डर मार्चला संपते. हा कागद तुमच्या फायलीला लागणार. पुढच्या वेळी नेमणूक करताना लोक फाइल वाचतात, मॅडम."

"माहीत आहे, सर."

तिला नोकरी हवी होती, का नको असेल? फोटोखालच्या त्या पदवीपायी घरानं किती वर्षं पोटाला चिमटा काढला होता. पण बुधवारी याच खोलीत तिनं विचार न करता तोंड उघडलं होतं, आणि आज विचार करून उघडलं होतं. सरांनी टिपणीच्या समासात आपल्या पेनानं लिहिलं, सूचना क्रमांक सात माझी, ती मागे घेत आहे, आणि खाली स्वतःची सही केली. दोघांच्या सह्या एकाखाली एक बसल्या.

"फायलीत तुम्ही एकट्या नको," ते म्हणाले, आणि पेपरवेट बाजूला करून ऑर्डर ओढली.

ठमाबाई व्हरांड्यात त्याच खांबाला टेकून बसल्या होत्या. सही झालेला ऑर्डरचा कागद मेघनानं त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, उलटा केला, मागं काही लिहिलंय का ते बघितलं, पुन्हा वाचला. मग पदर डोळ्यांना लावला. मेघना शेजारी फरशीवर बसली. तिच्या फायलीत काय लागलं ते ती बोलली नाही, आणि बोलायची गरजही नव्हती. मघाशी व्हरांड्यापर्यंत सरांचा आवाज आलाच होता.

"ऐकलं म्या," ठमाबाई म्हणाल्या. "तुजं काय व्हईल गं?"

"बघू मार्चात." मेघनानं पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला, नावाच्या जागी ठमाबाई लिहिलं आणि पेन नवव्या रकान्यावर ठेवलं. "मावशी, ऐंशी बायकांना विचारलं, तुम्हाला कुणी विचारलंच नाही. तुम्ही कवा टेकता?"

"मी?" ठमाबाई हसल्या. "घरात आट मानसं. टेकती कुठली!"

"मग शून्य लिहू?"

"थांब थांब, शून्य नगं." त्यांनी विचार केला. पदराच्या टोकाची गाठ सोडली, बांधली. "फॉर्म भराया जाती न्हवं, तवा. लोकाच्या दारात गेलं की बस म्हंत्यात. पानी देत्यात. चा देत्यात. म्या इचारती, ती बाय सांगती. तवर माझ्या नावानं कोन हाक मारत न्हाय. सा वर्सं, बाय, म्या तितंच टेकली."

मेघनाचं पेन कागदावर तसंच राहिलं. बुधवारी आपण काय काढून घ्यायला निघालो होतो, ते तिला आत्ता कळलं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसायचीही तसदी घेतली नाही.

"किती लिहू, मावशी?"

"एकीपाशी अर्धा तास धर," ठमाबाई म्हणाल्या. "आन् बेरीज तूच कर. मला आता बेरजेचं भ्या वाटतंय."